पुढच्याची लय, मागच्याची दिशा
भंडारदऱ्याच्या शांत फुगवट्यावर कुटुंबासह वल्हवण्याचा एक दिवस

दोघांनी मिळून वल्हवायच्या होडीचा एक साधा नियम आहे. पुढे बसतो त्याने लय धरायची आणि मागे बसतो त्याने ती लय सांभाळत दिशा राखायची. पुढच्याला पाठीमागचे काही दिसत नाही, त्यामुळे मागच्याच्या गतीशी जुळवून घेणे त्याला शक्यच नसते. मागच्याला मात्र पुढच्याचे खांदे, हात, दमलेली मान, सारे दिसत असते. साहजिकच ज्याचे बळ आणि अनुभव अधिक त्याने मागे बसावे, ज्याचे बळ कमी त्याने पुढे बसून स्वतःला झेपेल त्या गतीने वल्हे मारावे, असा प्रघात पडला. बळवंताने आपला वेग दुबळ्याच्या वेगाशी जुळवून घ्यावा, असे शिकवणारे व्यायामप्रकार फार थोडे आहेत.

वाचकहो, आपल्या घरांतला व्यायाम बहुधा एकेकट्याचा असतो. वडील पहाटे फिरायला जातात, आई सवड सापडेल तेव्हा योगासने करते, मुले मैदानावर असतात किंवा पडद्यापुढे, आणि आजी-आजोबा बागेतल्या बाकापर्यंत जाऊन येतात. प्रत्येकाचा वेग निराळा, वेळ निराळी. सुट्टीत सर्वजण एकत्र निघतात तेव्हाही मोटारीत बसून राहणे आणि खाणे यांतच दिवस सरतो. त्याऐवजी हिवाळ्यातला एक दिवस एखाद्या शांत जलाशयावर, हाताने वल्हवायच्या होडीत घालवून पाहावा, हे सुचवण्यासाठी हा लेखप्रपंच आहे. मात्र पाणी शांत आहे म्हणून ते सुरक्षित आहे असे मानणे जिवावर बेतू शकते. म्हणून आनंदाइतकाच सावधगिरीचाही विचार येथे केला आहे.

जागा आणि ऋतू

उदाहरणादाखल आपण भंडारदऱ्याचा जलाशय घेऊ. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात, सह्याद्रीच्या ऐन धारेजवळ, प्रवरा नदीवर हे धरण उभे आहे. १९१० साली सुरू झालेले बांधकाम १९२६ साली पूर्ण झाले आणि त्यावेळचे मुंबईचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांचे नाव धरणाला मिळाले. बांधाची उंची सुमारे ८२ मीटर असून त्यामागे सुमारे ११ अब्ज घनफूट पाणी साठते. हेच पाणी खालच्या बाजूला शेकडो गावांची शेते भिजवते आणि तहान भागवते. ज्या प्रवरेच्या काठी नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगितली गेली, ती प्रवरा येथे नुकतीच डोंगरातून उतरलेली असते.

जलाशयाची दोन टोके दोन वेगळ्या स्वभावांची आहेत. धरणाकडच्या बाजूला शेंडी हे गाव, तेथली वर्दळ, मोटारबोटी आणि खोल पाणी. दुसऱ्या टोकाला, रतनगडाच्या पायथ्याशी, रतनवाडी. या बाजूचा फुगवटा तुलनेने अरुंद व आडोशाचा आहे. माथ्यावर रतनगड आणि त्याशेजारचा खुट्ट्याचा सुळका, दूरवर राज्यातले सर्वांत उंच शिखर, १६४६ मीटर उंचीचे कळसूबाई, आणि काठाने हिरडा, जांभूळ, करवंदीची झाडी. वरच्या बाजूची वने कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतात. म्हणून नवख्या कुटुंबाने धरणाच्या भिंतीपासून पुष्कळ दूर, या वरच्या अंगाला उतरावे. भिंतीच्या व पाणी सोडण्याच्या दरवाजांच्या आसपास तर कोणीही, कोणत्याही होडीत जाऊ नये. ज्या ठिकाणी उतरायचे तेथे परवानगी आहे का, होड्या कोणाच्या, सोबत पोहणारा जाणता माणूस आहे का, याची चौकशी आधी करावी.

ऋतू हिवाळ्याचा निवडावा. पावसाळ्यात सह्याद्रीचे ओढे अचानक फुगतात, धुके उतरले की काठ दिसेनासा होतो. त्या दिवसांत हे पाणी केवळ पाहण्याचे. मे अखेरीस आणि जूनच्या आरंभी काजव्यांसाठी येथे गर्दी लोटते आणि पाण्याची पातळी उतरलेली असल्याने काठाला गाळाचा रुंद पट्टा उघडा पडतो. कार्तिक ते माघ या काळात मात्र जलाशय बराच भरलेला असतो, आकाश स्वच्छ असते आणि सकाळचे पाणी आरशासारखे असते. नाशिकहून हे ठिकाण सुमारे ७० किलोमीटरवर आहे. मुंबई-पुण्याच्या मंडळींनी आदल्या संध्याकाळी पोहोचून मुक्कामच करावा. रात्रभर गाडी हाकून पहाटे पाण्यात उतरणे हा शरीरावरचा अन्याय आहे.

पाण्यात उतरण्यापूर्वी

पहिली गोष्ट जीवरक्षक जाकीट. पोहता येवो वा न येवो, वय पाच असो वा पासष्ट, होडीत बसणाऱ्या प्रत्येकाच्या अंगात ते हवे, आणि तेही बंद लावलेले. ‘मला पोहता येते’ हे उत्तर येथे चालत नाही. थंड पाण्यात अचानक पडल्यावर पहिला श्वास अनावरपणे आत ओढला जातो. त्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल तर पट्टीच्या पोहणाऱ्याचीही पंचाईत होते. कपाळावर होडीचा किंवा वल्ह्याचा मार बसला, पायात गोळा आला, तर पोहण्याचे कौशल्य उपयोगी पडत नाही, जाकीट पडते. जाकीट घातल्यावर खांद्यावरचे पट्टे धरून दुसऱ्याने वर ओढून पाहावे. ते हनुवटीच्या वर, कानांपर्यंत सरकत असेल तर माप मोठे आहे, असे समजावे. लहान मुलांच्या जाकिटाला दोन्ही पायांमधून जाणारा पट्टा असणे आवश्यक आहे. मोठ्यांचे जाकीट घट्ट बांधून मुलाला घालू नये; पाण्यात मूल त्यातून खाली निसटते.

दुसरी गोष्ट होडी. नवख्यांसाठी वरून उघडी, रुंद तळाची, प्लॅस्टिकची कायाक चांगली. तिच्यात पाय अडकत नाहीत आणि ती उलटली तरी बुडत नाही. दोन्ही टोकांना पाती असलेले वल्हे दोन्ही हातांनी डोक्यावर आडवे धरावे. कोपरे काटकोनात आली की हातांची जागा बरोबर. पात्याचा खोलगट भाग आपल्याकडे असावा.

तिसरी गोष्ट म्हणजे उलटण्याचा सराव, जी बहुतेक जण टाळतात. काठालगत, कमरेइतक्या पाण्यात, तळ नीट पाहून घेतलेल्या जागी, मुद्दाम होडी उलटवून पाहावी. पाण्यात पडल्यावर होडी सोडायची नाही, तिला धरून राहायचे. काठ जवळ वाटला तरी होडी सोडून पोहत निघायचे नाही. मग होडी सरळ करून, तिच्या बाजूला मध्यभागी हात टेकवून, पाय मागे पाण्यावर मारत पोट होडीवर घ्यायचे, कूस बदलून बसायचे आणि शेवटी पाय आत घ्यायचे. दोन-तीन वेळा हे जमले की मुलांच्या मनातली भीती जाते आणि मोठ्यांच्या मनातली बेफिकिरीही. ज्याला हा सराव करायचा नाही त्याने त्या दिवशी काठावर बसून आनंद घ्यावा. त्यात काही कमीपणा नाही.

अंगात पूर्ण बाह्यांचा, लवकर वाळणारा सदरा, डोक्यावर काठाची टोपी, चेहऱ्यावर, मानेवर आणि पावलांवर उन्हापासून रक्षण करणारे मलम. हिवाळ्यातले ऊन सौम्य वाटते, पण पाण्यावर सावली नसते आणि गार वाऱ्यामुळे त्वचा भाजत असल्याचे कळत नाही. जीन पँट आणि जड बूट काठावर ठेवावेत. प्रत्येकाजवळ पिण्याच्या पाण्याची स्वतंत्र बाटली असावी आणि दर वीस मिनिटांनी दोन-चार घोट घ्यावेत. जलाशयाचे पाणी कितीही नितळ दिसले तरी तसेच पिऊ नये.

वल्हे हाताने धरायचे, पाठीने मारायचे

सकाळी सातच्या सुमारास, सूर्य डोंगरावर येत असताना, उतरावे. वल्हवणे म्हणजे दंडांचा व्यायाम, हा समज पहिल्या पंधरा मिनिटांत दूर होतो. कारण दंडांच्या बळावर वल्हवणारा तोवर दमलेला असतो. वल्ह्याचे पाते पावलांच्या शेजारी पाण्यात बुडवावे, छाती व कंबर हळूच त्या बाजूला वळवत ते मागे आणावे आणि पाते नितंबाशी आले की उचलून घ्यावे. हात जवळजवळ सरळ राहतात. ओढण्याचे काम पाठीचे रुंद स्नायू व पोटाचे तिरपे स्नायू करतात. ज्या बाजूला वल्हे, त्या बाजूचा पाय होडीतल्या खाचेवर किंचित रेटावा. असे केले म्हणजे पावलांपासून खांद्यांपर्यंत एक साखळी तयार होते आणि कोणत्याही एका सांध्यावर भार येत नाही.

तीन चुका सर्रास होतात. पहिली, वल्हे मुठीत करकचून धरणे. त्याने तळहाताला फोड येतात आणि मनगट दुखते. दुसरी, पाठीला पोक काढून बसणे. गुडघे किंचित वाकवून, पाठ ताठ ठेवून बसावे आणि दर अर्ध्या-पाऊण तासाने काठाला लागून पाय मोकळे करावेत. तिसरी, मागे वळून पाहताना सरळ हाताने वल्हे पाठीमागे नेणे. खांद्याचा सांधा निखळण्याची भीती याच हालचालीत अधिक. वळायचे असेल तर संपूर्ण छाती वळवावी. दोन्ही हात सदैव डोळ्यांसमोर दिसत राहावेत, एवढे सूत्र लक्षात ठेवले तरी पुरे.

मध्यम गतीने वल्हवताना शरीर विश्रांतीच्या तुलनेत सुमारे पाचपट ऊर्जा वापरते. म्हणजे झपझप चालण्याच्या तोडीचा, किंबहुना थोडा अधिक व्यायाम होतो. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम, शिवाय किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम सांगितला आहे. मुलांसाठी रोज सरासरी ६० मिनिटे सांगितली आहेत. एका सकाळी वल्हवून वर्षाची भरपाई होत नाही, हे खरे. परंतु चालण्याने ज्यांना काम मिळत नाही ते पाठीचे, खांद्यांचे व पोटाचे स्नायू येथे जागे होतात, आणि गुडघ्यांवर शरीराचा भार पडत नाही. गुडघेदुखीमुळे डोंगर चढणे सोडलेल्या पन्नाशीच्या माणसाला ही मोठीच सोय आहे.

आता दोघांच्या होडीतली लय. पुढे मुलगी बसली आहे, मागे बाबा. बाबांच्या हातात बळ आहे. ते दोन वल्ह्यांत होडी पुढे नेऊ पाहतात आणि त्यांचे पाते मुलीच्या पात्यावर आदळते. दोघांच्या अंगावर पाणी उडते, होडी गोल फिरते. असे तीन-चार वेळा झाल्यावर बाबांना उमगते की आपल्याला मुलीच्या खांद्यांकडे पाहायचे आहे. तिचा उजवा खांदा पुढे झुकला की आपलाही उजवा. ती थांबली की आपणही थांबायचे. मुलीलाही उमगते की आपण लय मोडली तर मागच्याला दिशा राखता येत नाही. म्हणून ती संथ, पण एकसारखी वल्हवू लागते. घरी याच दोघांचे शाळेला निघण्याच्या वेळेवरून रोज खटके उडत असतील. पाण्यावर कोणीही कोणाला ‘लवकर कर’ असे म्हणत नाही, कारण म्हणून उपयोग नसतो.

संथपणाने काय दिसते

नवखे माणूस ताशी तीन ते चार किलोमीटरपेक्षा फार जात नाही. पहिल्या दिवशी विश्रांतीसह दोन-अडीच तास आणि काठाकाठाने एकूण चार-पाच किलोमीटर एवढे पुरे. काठापासून इतकेच दूर जावे की होडी उलटली तर तिला धरून पाय मारत सहज काठाला लागता येईल. या संथपणामुळेच मोटारबोटीतून जे कधी दिसत नाही ते दिसू लागते.

बुडालेल्या झाडाच्या वाळक्या खोडावर पाणकावळा पंख पसरून ऊन खात बसलेला असतो. टिबुकली जवळ जाताच डुबकी मारते आणि कोठे वर येईल हे ओळखण्याची पैज मुलांमध्ये लागते. खंड्याची निळी रेघ काठाने सरकून जाते. हिवाळ्यात पाहुणे आलेले धोबी ओल्या चिखलावर शेपटी हलवत फिरतात. होडी थांबवून वल्हे मांडीवर आडवे घेतले की पात्यावरून ओघळणारे थेंब ऐकू येतात. या पाण्याखाली एक दरी आहे. समोरची बेटे म्हणजे तिच्यातल्या टेकड्यांचे माथे आहेत, हे मुलांना येथे सांगावे. धरणाचे पाणी कोणाच्या तरी जमिनीवर उभे असते, हे पुस्तकापेक्षा येथे लवकर समजते.

मनाच्या दृष्टीनेही या संथपणाला अर्थ आहे. रेचल व स्टीफन कॅप्लन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ दांपत्याने १९८९ साली आपल्या ग्रंथात असे मांडले की, अभ्यास, हिशेब, वाहन चालवणे अशा कामांत जे हेतुपूर्वक एकाग्र केलेले अवधान लागते ते थकते. पाण्यावरच्या लाटा, हलणारी पाने, ढग यांकडे मन आपोआप, श्रमाविना ओढले जाते आणि त्या वेळात थकलेल्या अवधानाला विसावा मिळतो. इंग्लंडमधील सुमारे वीस हजार लोकांच्या २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, आठवड्याला एकूण किमान १२० मिनिटे निसर्गाच्या सान्निध्यात घालवणाऱ्यांनी आपले आरोग्य व समाधान चांगले असल्याचे अधिक प्रमाणात सांगितले. यातून निसर्गाने रोग बरा होतो असे सिद्ध होत नाही; निरोगी माणसे अधिक बाहेर पडतात असेही असू शकेल. परंतु मोबाइल काठावर, कोरड्या पिशवीत ठेवून दोन तास घालवलेल्या मुलाच्या चेहऱ्याकडे पाहिले तर त्या विधानाची चुणूक दिसल्यावाचून राहत नाही. मोबाइल पाण्यात न नेण्याला एक अपवाद आहे. गटातल्या एका जबाबदार व्यक्तीजवळ तो जलरोधक पिशवीत, जाकिटाला बांधलेला असावा.

दुपारचा वारा

शांत जलाशयाचा स्वभाव बहुधा अकराच्या पुढे बदलू लागतो. ऊन चढते तसे डोंगरउतार तापतात, हवा हलू लागते, आणि सकाळी आरशासारख्या असलेल्या पाण्यावर आधी सुरकुत्या, मग लाटा उठतात. रिकाम्या हातांना सुखद वाटणारा हा वारा दमलेल्या हातांना मागे ढकलतो. येताना वाऱ्याने साथ दिली म्हणून पुष्कळ दूर गेलेले कुटुंब परतताना अडकते, ते याच वेळी. म्हणून आरंभी वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने जावे, म्हणजे परतीला तो पाठीशी राहील. निम्मे बळ शिल्लक असतानाच वळावे. आणि ‘निम्मे’ हे गटातल्या सर्वांत अशक्त माणसाच्या बळावरून मोजावे. लाटा आल्या, किंवा जवळून मोटारबोट गेली, तर होडीचे टोक लाटेकडे किंचित तिरपे करून वल्हवत राहावे. लाट बाजूने अंगावर घेतली की होडी कलंडते.

पाण्यावर ओळीने तरंगणारे थर्माकोलचे किंवा प्लॅस्टिकचे तुकडे दिसले तर ते मासेमारीचे जाळे आहे, असे समजून वळसा घालावा. जाळे फाटले तर एखाद्याची रोजी बुडते आणि वल्हे अडकले तर आपली होडी. काठावर उतरतानाही पाहून उतरावे; वरून कोरडा दिसणारा गाळ गुडघ्यापर्यंत पाय गिळतो आणि धरणाच्या पाण्यात दोन पावलांवर एकदम खोली लागते.

अकरापर्यंत काठावर यावे, कोरडे कपडे घालावेत आणि मग भुकेला न्याय द्यावा. या मुलखातली नागलीची भाकरी, हुलग्याचे पिठले, वरईचा भात हे जेवण श्रमलेल्या शरीराला अगदी योग्य आहे. नागलीत कॅल्शियम भरपूर, हुलग्यात प्रथिने, आणि दोन्ही सावकाश पचणारे. याच अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांना देशी बियाणे जपल्याबद्दल २०२० सालचा पद्मश्री किताब मिळाला, ही गोष्ट जेवताना मुलांना जरूर सांगावी. दुपार पाण्याबाहेर घालवावी. थोडी झोप काढून रतनवाडीचे अमृतेश्वराचे मंदिर पायी पाहून यावे. हजार वर्षांहून जुने मानले जाणारे ते कोरीव शिल्प आणि शेजारची पायऱ्यांची पुष्करणी सावकाश पाहिली तरच दिसते. आणि सकाळपासून आपण सावकाशपणाच शिकत आलेलो असतो.

कोणी उतरू नये

अपस्माराचे झटके येणारे, नुकताच हृदयविकाराचा त्रास झालेले, रक्तदाब आटोक्यात नसलेले, खांदा पूर्वी निखळलेला किंवा आखडलेला असणारे, मणक्याच्या चकतीचे दुखणे असणारे आणि गर्भवती स्त्रिया यांनी डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून वल्हवू नये. मधुमेहींनी न्याहारी करूनच उतरावे, वेळेचे भान ठेवावे आणि जाकिटाच्या खिशात साखर किंवा ग्लुकोज ठेवावे. मद्यपान करून पाण्यात उतरणे सर्वस्वी निषिद्ध. लहान मुलांच्या बाबतीत वयापेक्षा एक कसोटी उपयोगी पडते: सांगितलेली सूचना ऐकून मूल तसे वागते का? वागत नसेल तर आणखी एक वर्ष थांबावे.

प्रसंग आलाच तर

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ या एका वर्षात जगभरात सुमारे तीन लाख माणसे बुडून मरण पावली. त्यांत मुलांचे प्रमाण फार मोठे आहे. चित्रपटांत बुडणारा हात हलवून ओरडतो. प्रत्यक्षात बहुतेकदा तो आवाज करू शकत नाही. तोंड पाण्याच्या पातळीवर वरखाली होते, मान मागे कलते, हात पाण्याला खाली दाबत राहतात, आणि काही क्षणांत सारे संपते. म्हणून मुले पाण्यात असताना एका मोठ्या माणसाने फक्त त्यांच्याकडे पाहायचे, हे काम पाळीपाळीने वाटून घ्यावे. ‘सगळेच पाहत आहेत’ याचा अर्थ पुष्कळदा कोणीच पाहत नाही, असा होतो.

कोणी बुडताना दिसला तर त्याच्यामागे उडी घेऊ नये. घाबरलेला माणूस वाचवणाऱ्याला मिठी मारतो आणि दोघेही जातात. एकामागून एक वाचवायला गेलेले आप्त बुडाल्याच्या बातम्या आपण दर वर्षी वाचतो. दोर, काठी, वल्हे, साडी, ओढणी, झाकण घट्ट लावलेला रिकामा कॅन, जे हाताशी असेल ते त्याच्याकडे फेकावे आणि आपण काठावर आडवे पडून त्याला ओढून घ्यावे.

बाहेर काढलेल्या माणसाचा श्वास थांबला असेल तर त्याला उलटे टांगणे, पोट दाबून पाणी काढणे, असले उपाय करू नयेत. त्याने अमूल्य वेळ जातो आणि पोटातले अन्न श्वासनलिकेत शिरते. त्याला उताणे, कठीण जागेवर निजवावे, हनुवटी वर उचलून नाक चिमटीत धरावे आणि तोंडाने दोन श्वास द्यावेत. मग छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी मिनिटाला १०० ते १२० या गतीने ३० दाब, पुन्हा दोन श्वास, असे मदत येईपर्यंत करत राहावे. दुसऱ्याने त्याच वेळी १०८ किंवा ११२ ला दूरध्वनी करावा. शुद्धीवर आलेला माणूस बरा दिसला तरी त्याला रुग्णालयात न्यावे; फुप्फुसांचा त्रास काही तासांनीही उद्भवू शकतो. हे कौशल्य वाचून पुरेसे येत नाही. घरातल्या निदान एका व्यक्तीने प्रथमोपचाराचा वर्ग करावा, आणि सहलीला निघण्यापूर्वीच करावा.

परतल्यावर

त्या रात्री स्वच्छ पाण्याने स्नान करावे, कान कोरडे करावेत, पाठ, खांदे व मांड्या हलकेच ताणून घ्याव्यात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पाठीचे स्नायू दुखतील. ते कामाला लागल्याची ती खूण आहे. मात्र सांध्यात टोचणारी कळ किंवा हाताला मुंग्या असतील तर तपासून घ्यावे. अंगावर जखम असेल तर ती जलरोधक पट्टीने झाकूनच पाण्यात उतरावे, आणि पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप, अंगदुखी, डोळे लाल होणे अशी लक्षणे दिसली तर आपण उघड्या जलाशयात उतरलो होतो हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. लेप्टोस्पायरोसिससारखे आजार त्या एका माहितीमुळे वेळेत ओळखले जातात.

जाताना काठावर एकही कागद, बाटली, पिशवी राहू देऊ नये. आपण ज्यावर सकाळ घालवली ते कोणाचे तरी पिण्याचे पाणी आहे.

भंडारदरा दूर असेल तर आपल्या गावाजवळ जेथे परवानगी आणि जाणता माणूस आहे असा एखादा तलाव शोधावा. होडी लहान असली तरी चालेल, अंतर थोडे असले तरी चालेल. घरातल्या सर्वांत लहानग्याला किंवा सर्वांत दमलेल्या माणसाला पुढे बसवावे, आपण मागे बसावे आणि त्याच्या खांद्यांकडे पाहत वल्हे पाण्यात घालावे.

थोडक्यात लक्षात ठेवा

• जाकीट प्रत्येकाला, मापाचे, बंद लावलेले.
• उलटण्याचा सराव काठालगत, आधी.
• सकाळी सातला उतरा, अकरापर्यंत बाहेर या.
• जाताना वारा समोर, परतताना पाठीशी.
• धरणाची भिंत, दरवाजे आणि मासेमारीची जाळी यांपासून दूर.
• होडी उलटली तर होडी सोडू नका.
• बुडणाऱ्याकडे काहीतरी फेका. उडी घेऊ नका.
• वेग नेहमी सर्वांत अशक्त माणसाचा.